साथ आणि ट्रॅक

सुरुवात अगदी घरच्या गोष्टीनं करतो. मध्यंतरी आपल्याच नाशिकमध्ये एका कराओके कार्यक्रमाला गेलो होतो. साठीच्या एक बाई जुनं गाणं फार गोड गात होत्या. पहिलं कडवं संपलं, दम घ्यायला त्या क्षणभर थांबल्या आणि ट्रॅक पुढे निघून गेला. त्यांना ओळ सापडेपर्यंत निम्मं कडवं वाजून गेलं होतं. नंतर त्या म्हणाल्या, "चुकलंच माझं." मला वाटलं, शेजारी तबलजी असता तर त्यानं एक आवर्तन जास्त वाजवलं असतं. कुणाला कळलंही नसतं. आजचं बोलणं त्या एका जास्तीच्या आवर्तनाबद्दल आहे.

थोडं मागे जाऊ. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याआधी १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. गुरूच्या घरातलं गाणं वर्गात आलं, स्वरलिपीत आलं, मध्यमवर्गीय घरांत पोचलं. पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. गुरूकडे तानपुऱ्याला, ठेक्याला कुणी ना कुणी असायचंच. घरी रियाजाला बसलेला विद्यार्थी मात्र एकटा! मग कुणी पेटीवर सूर धरला, कुणी स्वरपेटी आणली. १९७९ मध्ये बंगळूरचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पाठोपाठ ठेका वाजवणारी यंत्रं आली, कथकसाठी लेहरा आला. आज हे सगळं मोबाईलमध्ये आहे.

यात वाईट काय? काहीच नाही. पहाटे पाच वाजता अर्धा तास विलंबित एकताल धरायला कोण येणार? आणि तानपुऱ्याचं काम मुळात अढळ राहण्याचंच आहे. तारांचा जिवंत गुंजारव यंत्रात नसतो हे खरं, पण तानपुरा गायकाला उत्तर देत नसतो. तबला, सारंगी, पेटी यांचं तसं नाही. ती ऐकतात.

बालगंधर्व आठवा. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे तिथे तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. वन्समोअर आला की तेच पद पुन्हा, पण जागा नव्या. पद किती वाढणार हे आधी ठरलेलं नसायचं. ते गायक ठरवायचा, प्रेक्षक ठरवायचे आणि साथीदार त्यांच्यामागून वळायचे.

आता गंमत बघा. कराओकेचा जन्मही एका साथीदाराच्या हातून झाला. जपानमध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक बारमधल्या हौशी गायकांना साथ करायचे. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला सहलीला जायचं होतं आणि तिथे इनोउए यांचीच साथ हवी होती. त्यांना जाणं जमेना, म्हणून त्यांनी वाजवून टेप करून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये यंत्र आलं. 'कारा' म्हणजे रिकामा, 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. म्हणजे पहिली टेप एका ओळखीच्या माणसासाठी, त्याच्या गळ्याचा अंदाज असलेल्या वादकानं केली होती. आपण लावतो तो ट्रॅक मात्र सगळ्यांसाठी असतो, म्हणून कुणासाठीच नसतो. पट्टी बदलता येते, लय कमीजास्त करता येते, पण ती आधी. गाणं सुरू झालं की संपलं!

मी कराओकेला नावं ठेवत नाही. चार वादकांचं मानधन सगळ्यांना परवडत नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा माइक हातात धरणारी कितीतरी माणसं या यंत्रामुळेच गायला लागली. पण त्याच वेळी गणेशोत्सवात, लग्नात वाजवणाऱ्यांची कामं कमी झाली. आणि काम नसेल तर नव्या मुलानं साथ शिकावी कशाला? साथ ही हजार वेळा दुसऱ्याला सांभाळूनच येते, हो.

म्हणून एवढंच सुचवतो. रियाज खुशाल यंत्रावर करा. कार्यक्रमात मात्र निदान दोन गाण्यांना एक पेटीवाला, एक तबलजी बसवा. सुरुवातीला अवघड जाईल, कारण ट्रॅकची सवय झालेल्या गायकालाही साथीदाराकडे बघायला शिकावं लागतं.

त्या बाईंना मला सांगायचं होतं, ते इथे सांगतो. बाई, तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही श्वास घेतलात. थांबणारं कुणी नव्हतं, इतकंच.