करार रशियाचा, चावी बर्लिनमध्ये

सध्या पोस्टिंग गुजरातेत. इथल्या दहेज बंदराला जून 2018 मध्ये ‘रशियन’ एलएनजीचं पहिलं जहाज लागलं. त्यातला वायू मात्र नायजेरियाचा! जागतिक बाजार म्हणतात तो हाच. गेलचा हा करार 2012 चा, वीस वर्षांचा, वर्षाला 25 लाख टनांचा. पण समोरची सही गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीची. आम्हाला रसदेचा मार्ग नकाशावर शोधायला शिकवलं. हा मार्ग मालकीच्या कागदांतून जात होता. युक्रेन युद्ध पेटल्यावर, एप्रिल 2022 मध्ये, जर्मनीने तिची बर्लिनमधली पालक कंपनी ताब्यात घेतली आणि आपली जहाजं थांबली. रशियाशी आपलं भांडण नव्हतं, जर्मनीशीही नव्हतं. तरी खतकारखान्यांचा गॅस कापावा लागला. पुरवठा पुन्हा सुरू व्हायला 2023 उजाडलं.