बुलसारांचा फारोख

गोव्यातला माणूस आडनाव सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपला गावच सांगत असतो. केरीचे केरकर, बोरीचे बोरकर, शिरोड्याचे शिरोडकर. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले आणि एका लहानशा गावाचे नाव जगभर गेले. पारशी समाजातही हीच रीत आहे. भरूचचे भरूचा, बिलिमोऱ्याचे बिलिमोरिया, संजाणचे संजाणा, आणि आपल्याला जवळचे म्हणजे दमणचे दमणिया. याच यादीत बुलसारा हे नाव येते. बुलसार म्हणजे आजचे वलसाड.

मडगावहून गुजरातकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर वापी, वलसाड, नवसारी, सुरत अशी स्टेशने ओळीने लागतात. वापीला उतरले की दमण हाकेच्या अंतरावर. गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता तेव्हा, म्हणजे १९८७ पर्यंत, आपले कितीतरी सरकारी नोकर बदली होऊन या बाजूला जात. आज वलसाड हा वेगळा जिल्हा आहे; पण १९६४ पर्यंत तो सुरत जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे ५ सप्टेंबर १९४६ रोजी बोमी आणि जेर बुलसारा यांना मुलगा झाला तेव्हा त्याच्या आडनावातले गाव मुंबई इलाख्याच्या सुरत जिल्ह्यात मोडत होते. मुलाचे नाव फारोख. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. क्वीन या इंग्लिश बँडचा तो गायक.

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० आठवते. महाराजांनी दोनदा लुटले ते शहर. पण लुटण्याजोगे काही होते म्हणून लुटले, हेही लक्षात ठेवायला हवे. मोगलांचे हे मोठे बंदर. इंग्रजांची वखार इथली, डचांचीही. पारशी इथे दलाल, सुतार, जहाजबांधणी करणारे म्हणून वाढले. रुस्तम माणेक हा सुरतेचा पारशी दलाल इंग्रजांचे काम करी, तसेच पोर्तुगीजांचेही. पोर्तुगीजांनी पकडलेले एका व्यापाऱ्याचे जहाज सोडवण्यासाठी तो गोव्यापर्यंत आला होता. मुंबईची गोदी उभारणारा लवजी वाडियाही सुरतेचाच, १७३६ मध्ये मुंबईत गेलेला. अठराव्या शतकात धामधुमीच्या भीतीने पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी काही वर्षे सुरतेत ठेवला होता. पुढे तो नवसारी, बुलसार असे करत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. सुरतेचे बंदर मागे पडले तशी माणसे पांगली. काही मुंबईला गेली, काही समुद्र ओलांडून आफ्रिकेला.

फारोखचा जन्म झाला तो झांझिबारला. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, न्यायालयात रोखपाल. या बेटाची गोष्ट गोवेकराला परकी वाटू नये. झांझिबारला आपली मोठी वस्ती होती. शिंपी, कारकून, छायाचित्रकार अशी. सुलतानाच्या बँडमध्ये वाजवणारे गोवेकर असत. घरापासून दूर, साहेबाच्या नोकरीत, मुलांच्या शिक्षणासाठी पैसा बाजूला टाकत जगणारा तो एक वर्ग होता. बुलसारा कुटुंब त्यातलेच. म्हणून मुलाला आठव्या वर्षाच्या सुमारास बोटीत बसवून थेट पाचगणीला धाडले.

पाचगणी म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातले. सेंट पीटर्स शाळेत हा मुलगा पियानो शिकला, इथेच त्याचा ‘फ्रेडी’ झाला, आणि १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. एल्विस, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवत. त्यातला क्लिफ रिचर्ड मूळचा हॅरी वेब, लखनौला जन्मलेला! म्हणजे महाराष्ट्राच्या डोंगरावर, झांझिबारहून आलेला, सुरत जिल्ह्यातल्या आडनावाचा मुलगा लखनौच्या मुलाचे इंग्लिश गाणे म्हणत होता.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला निघून गेले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन सुरू झाला. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. याच सुमारास फ्रेडीने बुलसारा हे नाव टाकले आणि मर्क्युरी झाला.

तो काळ इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकचा होता. यस, जेनेसिस, किंग क्रिम्झन, पिंक फ्लॉइड अशी ती मंडळी. तीन मिनिटांत गाणे संपलेच पाहिजे हा रेडिओचा कायदा त्यांनी मोडला. आपल्याकडे ७८च्या तबकडीने ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत कोंबला होता; बैठकीत तोच राग तासभर चाले. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी तबकडीतच बैठक मांडली, असे म्हणा ना. क्वीनचे सुरुवातीचे काम याच वळणाचे आहे. १९७४ च्या ‘क्वीन टू’ अल्बमच्या बाजूंना ए आणि बी न म्हणता पांढरी बाजू आणि काळी बाजू अशी नावे दिली. ‘द प्रॉफेट्स साँग’ आठ मिनिटांच्या वर जाते. आणि १९७५ ची ‘बोहेमियन रॅप्सडी’ पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांची. तिला ध्रुवपद नाही. आधी हळुवार गाणे, मग ऑपेरा, मग कडाडणारे रॉक, आणि शेवटी पुन्हा शांतता. एवढे लांब गाणे रेडिओ लावणार नाही असे जाणकार म्हणत होते. केनी एव्हरेट या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा लावले. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पुढे क्वीनने हे वळण सोडून सोपी गाणीही केली, आणि जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. ते कुठे होत नाही? आपल्याकडेही जुने नाटकवाले नव्या पदाला नाके मुरडतच आले. पण चाहते सुटले नाहीत. १९७४ मध्ये सुरू झालेला त्यांचा फॅन क्लब पुढे अनेक दशके चालत राहिला. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोला १९९६ मध्ये फ्रेडीचा पुतळा बसला. लोक तिथे फुले ठेवतात. पाचगणीलाही शाळा बघायला परदेशातून चाहते येतात. २०२३ मध्ये त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव लंडनला झाला, तेव्हा जवळजवळ चार कोटी पौंड जमले. त्यात ‘बोहेमियन रॅप्सडी’चा हाताने लिहिलेला खर्डाही होता, आणि त्यावर आधी ‘मंगोलियन’ असे लिहून खोडलेले दिसले!

आता माझा मुद्दा. हा माणूस ‘आपला’ म्हणायचा का? भारतीय चाहते तसे आग्रहाने म्हणतात. मला यात थोडे थांबावेसे वाटते. फ्रेडी जिवंत असेपर्यंत क्वीनने भारतात कार्यक्रम केला नाही. मुलाखतींत तो पाचगणी, झांझिबार, पारशीपण यांवर फारसे बोलत नसे. यावरून त्याला आपल्या मुळांची लाज होती असा निष्कर्ष लोक झटकन काढतात. पण सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये बुलसारा या नावाने रॉक गायक होणे किती सोपे होते, याचाही विचार करावा. आपल्या हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाले, मडगावचे पेरेरा ख्रिस पेरी झाले. त्यांना आपण गोव्याचे म्हणायचे सोडले का?

त्याचे मौन आणखी एका बाबतीतही होते. आपल्याला एड्स झाला आहे हे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. इतके दिवस का लपवले, असे तेव्हा अनेकांनी विचारले. गोव्याच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. १९८९ मध्ये एचआयव्हीची लागण झाली म्हणून डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे डांबून ठेवले होते. कायदाच तसा होता. पुढे तो उघडपणे बोलला, इतरांसाठी झगडला आणि मे १९९२ मध्ये वारला. बोलण्याची किंमत काय असते ते आपल्या दारात दिसले होते. फ्रेडीने ती भरली नाही म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याचे अंत्यविधी मात्र पारशी पुरोहितांनी केले. मर्क्युरी हे नाव त्याने जगासाठी घेतले होते; आईवडिलांचा तो फारोखच राहिला.

म्हणून मला वाटते, वलसाडने, सुरतेने, पाचगणीने त्याच्यावर हक्क सांगण्याची घाई करू नये. हक्क सांगणे सोपे असते, ऐकणे कठीण. खरे चाहते गेली पन्नास वर्षे तेच करत आहेत. त्याने काय लपवले याचा हिशेब न मांडता, त्याने जे दिले ते पुन्हा पुन्हा लावून ऐकत आहेत. तुम्ही ‘क्वीन टू’ची काळी बाजू ऐकली नसेल तर एकदा दिवे मालवून, मध्ये न उठता ऐका. मग गाव विचारायचे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.