कोरियन कीबोर्ड आणि आपली बोटे

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने तासानंतर थांबून विचारले, "सर, कम्प्युटर पे कोरियन कैसा टाइप करते?" बीडमध्येही आता या प्रश्नाचे नवल वाटत नाही. कोरियन मालिका आणि बीटीएसची गाणी मोबाइलवरून आमच्या मोहल्ल्यातही पोहोचली आहेत. मला कोरियन येत नाही. पण सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडता येते, एवढे ठाऊक होते. शाळेच्या संगणकावर ती जोडली आणि आम्ही दोघे सोबतच शिकू लागलो.

कोरियाची हंगुल लिपी राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. तोवर तिथे चिनी अक्षरांत लिहीत आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. दरबारातल्या काही विद्वानांनी नव्या लिपीला विरोध केला, तरी ती टिकली. आज तिच्यात 14 मूळ व्यंजने आणि 10 मूळ स्वर आहेत. कीबोर्डवर व्यंजने डाव्या हाताला आणि स्वर जवळपास सगळे उजव्या हाताला. 'हन्गुल' लिहायला जी, के, एस, आर, एम, एफ अशा सहा कळा दाबायच्या. त्यांचे दोन चौकोनी अक्षरगट संगणक स्वतःच रचतो.

हे सहज घडलेले नाही. गोंग ब्योंग-उ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1949 च्या सुमारास हंगुलचा टंकलेखन यंत्र बनवला. पुढे कोणती मांडणी चांगली यावर तिथे बरीच वर्षे वाद चालला. 1982 मध्ये संगणकासाठी आजची मांडणी प्रमाण ठरली. वाद मांडणीचा होता. तो हंगुल सोडण्याचा नव्हता.

शिकवता शिकवता मला आपला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आठवला. 1991 च्या भारतीय मानकात तो आहे. त्यात स्वर आणि मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे, म्हणजे कोरियनच्या आरशातले रूप. मी टायपिंगच्या क्लासमध्ये मराठी शिकलो ते जुन्या यंत्रावर. तिथे 'कि' लिहायला ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि क नंतर. काही अक्षरे अर्धी मारून त्यांना काना जोडावा लागे. इन्स्क्रिप्टमध्ये जसे बोलतो तसे लिहायचे, आधी क, मग वेलांटी. कोरियनचेही तसेच आहे.

उर्दूची वाट याहून अवघड होती. नस्तालीकमध्ये अक्षर शब्दातल्या जागेनुसार रूप बदलते आणि शब्द तिरका उतरत जातो. त्यामुळे छापखान्यात खिळे जुळवण्याऐवजी कातिब हाताने मजकूर लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड लिहून तयार केलेले नूरी नस्तालीक 1981 मध्ये आले, तेव्हा कुठे संगणकावर उर्दू दैनिक निघू शकले. 1994 मध्ये दिल्लीत इनपेज तयार झाले आणि आपल्याकडच्या उर्दू प्रेसमध्ये पसरले. पण जुन्या इनपेजचा मजकूर दुसरीकडे नेला की नुसती चिन्हे उमटत. मराठीच्या जुन्या फॉन्टचेही तेच. माझ्या कितीतरी प्रश्नपत्रिका अशाच वाया गेल्या. युनिकोड आल्यावर ती अडचण गेली. आज साध्या मोबाइलवरही दोन्ही लिपी लिहिता येतात.

आणि नेमके आजच आपण त्या लिहीत नाही. त्या मुलीला चार दिवसांत कोरियन कळा पाठ झाल्या. मला मात्र ती 'सर कल टेस्ट है क्या' आणि 'उद्या येऊ का' हे दोन्ही इंग्रजी अक्षरांत पाठवते. तिला काय बोलणार? वर्गाच्या ग्रुपवर मीही तेच करत होतो. तुर्कस्तानात 1928 मध्ये कायद्याने लिपी बदलली आणि नातवंडांना आजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली. आपल्याकडे कायद्याचीही गरज पडलेली नाही. मराठीला शासन आहे, शाळा आहेत, रस्त्यावरच्या पाट्या आहेत. बीडच्या मुलांसाठी उर्दू लिपी म्हणजे घर, मदरसा आणि आमच्यासारख्या काही शाळा, एवढेच. मुले उर्दू बोलत राहतील, पण बोटांतून लिपी गेली तर अब्बांच्या कपाटातली पुस्तके त्यांच्यासाठी बंदच राहतील.

म्हणून आता वर्गात दोन्ही कीबोर्ड शिकवतो. ग्रुपवर मी स्वतः रोमनमध्ये लिहिणे बंद केले आहे. ईदला त्या मुलीचा उर्दू लिपीत संदेश आला. 'मुबारक'मध्ये छोट्या काफऐवजी बडा काफ पडला होता. मी तो दुरुस्त करून परत पाठवला, उर्दूतच.