कार्बोलिकने धुतलेली मांडवी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि पालिकेने घरांकडे मोर्चा वळवला. पंपाने कार्बोलिकचे पाणी मारून भिंती, जमिनी, मोऱ्या धुतल्या. वरून चुन्याचा हात फिरवला. हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडून दोनच वर्षे झाली होती, आणि तो घाणीत, ओलसर जमिनीत मुरतो हा समज पक्का होता. साथ मात्र हटली नाही. माझ्या मते मेहनत कमी पडली नाही, नेम चुकला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी दाखवले, की हा रोग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मेला, अंग गार पडले, की पिसवा माणसाकडे वळतात. धुतलेल्या भिंतीने त्या कशा थांबणार?

मग तो चुना वायाच गेला का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ताजा चुना अनेक जंतू मारतो आणि कॉलऱ्यासारख्या, मैल्यातून पसरणाऱ्या रोगात मोरीची सफाई खरोखर कामी येते. प्लेगात मात्र घर सोडणे जास्त उपयोगाचे होते. उंदीर पडू लागताच गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहत, ती काही भित्रेपणाने नव्हे.