खानसामा ते पदवीधर : हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा मागोवा

मोगल दरबारात ‘खान-ए-सामान’ हा मोठा हुद्दा होता. शाही कारखाने, कोठारे आणि महालाचा खर्च त्याच्या देखरेखीखाली चाले. इंग्रजी अमदानीत हाच शब्द घसरत घसरत साहेबाच्या बंगल्यातील ‘खानसाम्या’वर येऊन थांबला. सराईत मुसाफिरांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय लावणाऱ्या भटियाऱ्याचे नशीब तर त्याहून वाईट. उर्दू बोलचालीत ‘भटियारन’ म्हणजे भांडखोर बाई, एवढाच अर्थ उरला. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मतबखाचे, म्हणजे मुदपाकखान्याचे, स्वतंत्र वर्णन केले आहे. मीर बकावल हा त्याचा प्रमुख. अन्न चाखून पाहणे, पदार्थ कापडात बांधून त्यांवर मोहर करणे, कोणते पदार्थ गेले त्याची यादी सोबत देणे, अशी शिस्त तेथे होती. आजच्या भाषेत हे व्यवस्थापनच होय. मात्र हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जात राहिले, मदरसा किंवा विद्यालयाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाली नाही.

युरोपातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटन वाढले, हॉटेले वाढली आणि शिकलेला कर्मचारीवर्ग अपुरा पडू लागला. तेव्हा 1893 मध्ये जॅक त्शुमी यांच्या पुढाकाराने लोझानजवळील ऊशी येथे, एका हॉटेलच्याच इमारतीत, हॉटेल व्यवसायाची शाळा सुरू झाली. जगातील ही पहिली हॉटेल-शाळा मानली जाते. पण ती शाळा होती, विद्यापीठ नव्हे.

विद्यापीठाचा दरवाजा 1922 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल येथे उघडला. हॉवर्ड मीक यांनी 21 विद्यार्थ्यांसह हॉटेल प्रशासनाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा त्याला पाठिंबा होता. तो गृहविज्ञान विभागाच्या छत्राखाली चालला, ही बाब सूचक आहे. स्वयंपाक, कपडे व घरकाम यांचे शास्त्र आधीच स्त्रियांनी विद्यापीठात आणले होते. हॉटेलने त्यांच्याच अंगणात आसरा घेतला. लेखाशास्त्र, अन्नरसायन, यंत्रसामग्री, इमारतीची देखभाल असे विषय एकत्र आणून मीक यांनी त्याला विद्याशाखेचे रूप दिले. विद्यार्थ्यांनी एका दिवसासाठी खरेखुरे हॉटेल चालवून दाखवण्याची प्रथाही तेथे 1920 च्या दशकातच पडली. बडे हॉटेलमालक एल्सवर्थ स्टॅटलर प्रारंभी या उपक्रमाविषयी साशंक होते. हॉटेल वर्गात शिकता येत नाही, असे त्यांचे मत होते. विद्यार्थ्यांचे काम पाहिल्यावर ते बदलले, आणि 1928 मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या प्रतिष्ठानाच्या पैशातूनच कॉर्नेलची ‘स्टॅटलर हॉल’ ही इमारत उभी राहिली.

भारतातील आरंभ मात्र पाहुण्यांच्या सोयीतून झाला नाही. तो भुकेतून झाला. 1943 चा बंगालचा दुष्काळ आणि स्वातंत्र्यानंतरची धान्यटंचाई ही त्याची पार्श्वभूमी होय. कन्हैयालाल मुन्शी 1950 ते 1952 या काळात केंद्रीय अन्न व कृषिमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखालील महिलांच्या अन्न परिषदेने ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे चालवून धान्याला पर्यायी अन्नाचा प्रचार केला. त्याच प्रयत्नातून 1954 मध्ये मुंबईत देशातील पहिली खानपान-शिक्षण संस्था निघाली. प्रारंभी ती अंधेरीला भवन्स महाविद्यालयाच्या आवारात होती, नंतर दादरला गेली. अशा शासकीय संस्थांच्या लांबलचक नावात ‘हॉटेल व्यवस्थापन’ आणि ‘खानपान तंत्रज्ञान’ यांच्या शेजारी ‘उपयोजित पोषण’ हेही शब्द आहेत. अनेक विद्यार्थी हा भाग नावाचे शेपूट समजून सोडून देतात. वास्तविक संस्थेचा जन्मदाखला तोच आहे.

पुढे दिल्ली, चेन्नई, कोलकाता, आणि कालांतराने हैदराबाद, गोवा, ग्वाल्हेर येथेही अशा संस्था निघाल्या. दीर्घकाळ त्या अन्न खात्याकडे होत्या. 1982 मध्ये राष्ट्रीय परिषद स्थापन झाली व हे शिक्षण पर्यटन खात्याकडे गेले. खाते बदलले तसा हेतूही बदलला. पोषण मागे पडले, पंचतारांकित पाहुणा पुढे आला. पदविकेची जागा तीन वर्षांच्या पदवीने घेतली. ती आधी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या आणि नंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नावे मिळू लागली. पुणे विद्यापीठाने आपला चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला.

या इतिहासात औरंगाबादचे (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) उदाहरण विशेष लक्ष देण्याजोगे आहे. डॉ. रफिक झकेरिया (1920–2005) यांनी 1963 मध्ये तेथे मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. त्याच शैक्षणिक परिवारात, रौजाबागच्या परिसरात, ताज हॉटेल समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापन संस्था उभी राहिली आणि इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पदवीशी जोडली गेली. अजिंठा-वेरूळची लेणी 1983 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली होती, त्यामुळे शहराला पर्यटक नवे नव्हते. तरीही मुस्लिम शिक्षणसंस्था म्हणजे कला-वाणिज्य, अध्यापन किंवा फार तर औषधनिर्माणशास्त्र, या समजुतीच्या काळात हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल. ज्या समाजात बावर्ची, नानबाई, कबाबी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्याच समाजातील सुशिक्षित घरे मुलाला ‘हॉटेलात’ पाठवण्यास कचरतात, हा विरोधाभास प्राध्यापकांना प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी भेटतो.

परंतु केवळ घरच्यांच्या संकोचाला दोष देऊन भागत नाही. राष्ट्रीय परिषदेच्या पदवी प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत निघते, मराठी-उर्दूत नाही. बिर्याणीच्या देगेला ‘दम’ कधी द्यायचा हे हाताने जाणणारा मुलगा तेथे अडतो. त्याच संस्थांमध्ये दहावीनंतरचा, अन्ननिर्मितीचा कारागिरी प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालतो. तो लहान मुदतीचा व कमी खर्चाचा असून बावर्चीचा मुलगा आत येतो तो बहुधा याच दाराने. चुली त्याच, गणवेशही जवळपास तोच; मात्र एका दाराने गेलेल्याला व्यवस्थापक म्हणतात आणि दुसऱ्या दाराने गेलेला पुन्हा खानसामाच राहतो.