तुंबलेल्या मोरीचे मोल

शहरी घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज, शाळेची फी या सगळ्यांना आपापला रकाना असतो. मोरी तुंबल्याचा खर्च मात्र 'किरकोळ' या सदरात पडतो. पाणी चढू लागले की धावपळ होते, कुणीतरी कुणालातरी निरोप धाडतो, एक माणूस बांबूच्या कामट्या खांद्यावर टाकून येतो, तासाभरात पाणी खळखळत निघून जाते आणि मग दारात उभे राहून घासाघीस सुरू होते. ज्या गृहस्थाने दंतवैद्याच्या बिलाकडे निमूटपणे पाहिलेले असते, तोच येथे पन्नास रुपयांसाठी हटून बसतो. हे कृपणपणाचे लक्षण म्हणून सोडून देता येईल. परंतु एका समाजातील बहुतेक सगळी माणसे एकाच ठिकाणी कृपण होत असतील, तर त्यामागे स्वभावापेक्षा इतिहास शोधावा लागतो. गटार साफ करण्याचे काम स्वस्त का आहे? ते सोपे आहे म्हणून नव्हे, करणारे पुष्कळ आहेत म्हणूनही नव्हे. ते नाकारण्याची मुभा ज्यांना नव्हती, त्यांच्याकडून ते करून घेतले गेले म्हणून ते स्वस्त राहिले, असे मला वाटते. मुंबई शहराच्या दीडशे वर्षांच्या कारभारात याचा पुरावा जागोजाग सापडतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे काम 'परंपरेने चालत आलेले' आहे असे आपण सहज म्हणतो. पण मराठी खेड्याच्या परंपरेत ते शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. बलुतेदारांच्या याद्या गावागणिक थोड्याफार बदलतात. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, चांभार असतात. घरोघरचा मैला उचलणारा बलुतेदार मात्र त्यांत नसतो. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने महारांवर लादले होते हे खरे, पण संडास आणि मोरी ही मुळात शहराची, छावणीची आणि दाट वस्तीची निर्मिती. म्हणजे जातीची जुनी चौकट येथे नव्या कामासाठी वापरली गेली. जे आपण प्राचीन समजतो त्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकातला, नगरपालिकेच्या दप्तरात घडलेला आहे.

त्या काळच्या मुंबईत दोन इमारतींच्या मधून एक अरुंद बोळ सोडलेला असे. एका अंगाला मोऱ्यांचे सांडपाणी, दुसऱ्या अंगाला संडासांच्या टोपल्या. कायद्याच्या भाषेत ती 'हाउस-गली'. लोकांनी तिला घरगल्ली केले आणि तो शब्द आजही मुंबईत चालतो. घराची पुढची बाजू रस्त्याला, पाहुण्यांना. मागची बाजू घरगल्लीला. त्या गल्लीत शिरणाऱ्या माणसाचे कायदेशीर नाव होते हलालखोर. शब्द फारसी वळणाचा आहे. कष्टाचे, न्याय्य मार्गाने मिळवलेले खाणारा असा त्याचा अर्थ. झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबराने रूढ केले, अशी नोंद 'ऐन-इ-अकबरी'त आहे. बादशहाने दिलेले सन्मानाचे नाव तीनशे वर्षांनी नगरपालिकेच्या पगारपत्रकावर चढले, आणि सन्मान तेवढा वाटेत गळाला. मुंबईतले हे कामगार बरेचसे गुजरात-काठेवाडातून आलेले होते. नगरपालिकेने व्यवस्था हाती घेण्यापूर्वी ते घरमालकांकडून परस्पर मोबदला घेत. म्हणजे घासाघीस तेव्हाही होती, पण ती दोन्ही बाजूंनी होऊ शकत असे. पैसे थकले तर हलालखोर घरगल्लीत फिरकत नसे, आणि त्या घराला आपल्या मागच्या अंगाची आठवण आपोआप होई.

१८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने या व्यवहाराला निश्चित रूप दिले. मालमत्ता करांच्या यादीत पाणीपट्टीच्या जोडीला 'हलालखोर कर' आला. कायद्यात एका कामकरी समूहाच्या नावाने कर असावा ही गोष्टच विलक्षण. पुढे कितीतरी दशकांनी त्याची जागा मलनिःसारण कराने घेतली. या कराची आकारणी पाहण्याजोगी आहे. तो घराच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे त्या घराला किती भाडे येऊ शकेल यावर, टक्केवारीने बसे. मैला किती, मोरी किती वेळा तुंबते, काम किती अवघड, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. करआकारणीचे तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. श्रीमंताने अधिक द्यावे, गरिबाने कमी, आणि शहर सगळ्यांचेच स्वच्छ राहावे, हे न्याय्यच आहे. पण या रचनेत घरमालक आणि हलालखोर यांची गाठ तुटली. मालक कर भरून मोकळा झाला. हलालखोर नगरपालिकेचा नोकर झाला, आणि त्याच्या कामाची किंमत यापुढे ठरणार होती ती अंदाजपत्रकात.

नोकर झाला म्हणजे राजीनामा देता आला पाहिजे. येथे कायद्याचा दुसरा चेहरा दिसतो. मुंबई इलाख्यात १८९० साली नगरपालिकांच्या काही विशिष्ट सेवकांविषयी स्वतंत्र कायदा झाला. सफाईच्या कामावरील माणसाने परवानगीवाचून किंवा मुदतीची पूर्वसूचना न देता काम सोडणे हा त्याने शिक्षापात्र गुन्हा ठरवला. संयुक्त प्रांतांच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात तर ज्याचा घरसफाईवर वहिवाटीचा हक्क आहे अशा झाडूवाल्याने काम नीट केले नाही, तर त्याला दहा रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद होती. इतर नोकर काम सोडून गेला तर तो करारभंग होता. झाडूवाला गेला तर तो अपराध. डॉ. आंबेडकरांनी या तरतुदींवर नेमके बोट ठेवले होते. कामगाराचे सर्वांत साधे हत्यार, म्हणजे 'या पैशात मी हे करणार नाही' असे म्हणणे, कायद्यानेच बोथट केले असेल, तर त्याच्या मजुरीला बाजारभाव हे नाव कसे द्यायचे? याच सुमारास नळकाम करणाऱ्या प्लंबरला नगरपालिका परवाना देत होती, त्याच्या आकाराचे नियम ठरवत होती, एक व्यावसायिक म्हणून त्याला वागवीत होती. पाणी घरात आणणारा कारागीर ठरला आणि तेच पाणी वापरून झाल्यावर बाहेर काढणारा हलालखोर राहिला. दोघांची हत्यारे काही फार वेगळी नव्हती.

हे काम खरोखर किती मोलाचे आहे, हे मुंबईला एकदाच लख्ख कळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आढळला. नगरपालिकेने मोऱ्या आणि गटारे धुऊन काढण्याचा सपाटा लावला. समुद्राचे पाणी, कार्बोलिक, काही बाकी ठेवले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश निघाला आणि शहर बिथरले. लोक हजारोंनी गावे गाठू लागले. महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि त्यापाठोपाठ नगरपालिकेने सक्ती सैल केली. त्या निर्णयामागील कारणे आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी पुढे आपल्या अहवालात मांडली. त्यांत एक भीती ठळक आहे: हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर काय? सरदार, व्यापारी, वकील पळाले तर शहराची गैरसोय होणार होती. हलालखोर पळाले असते तर शहर राहण्याजोगेच उरले नसते. ज्या नोकराला काम सोडले म्हणून तुरुंग दाखवता येत होता, त्याच्या पाय काढण्याच्या केवळ शक्यतेने साम्राज्याच्या या दुसऱ्या राजधानीला आपले धोरण मऊ करावे लागले. साथ ओसरली आणि ती जाणीवही ओसरली.

या कामाच्या मोलात जात किती खोल मुरलेली होती, याचा दाखला रत्नागिरीच्या तुरुंगातून मिळतो. १९३२ साली तेथे कैदेत असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते नाकारण्यात आले, कारण उच्चवर्णीय कैद्याला हे काम देण्याचा शिरस्ता नव्हता. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, प्रकरण उपोषणापर्यंत गेले, आणि डिसेंबरच्या आरंभी येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभले. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते सुटले. प्रसंग बहुधा त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. मला त्यातली तुरुंगाची बाजू अधिक बोलकी वाटते. फुकट काम करणारा, हौसेने पुढे आलेला माणूस व्यवस्थेला नको होता. काम होणे एवढाच हेतू असता तर अधीक्षकाने आनंदाने झाडू हाती दिला असता. काम कोणी करायचे हे ठरलेले राहणे त्याहून महत्त्वाचे होते. अप्पासाहेब पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडासाची रचनाच बदलण्याच्या खटपटीला लागले. माणसाचे मन बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा भांडे बदलावे, हा त्यांचा कोकणी व्यवहारीपणा मला फार शहाणपणाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर समित्या पुष्कळ झाल्या. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९५२ मध्ये आला. नंतर केंद्राने नेमलेली मलकानी समिती. मलकानींनी पुढे वहिवाटीच्या हक्कांचाही स्वतंत्र अभ्यास केला, आणि त्यातून जे दिसले ते चक्रावणारे आहे. अनेक शहरांत घरे सफाई करणाऱ्या कुटुंबांत 'वाटून' घेतलेली होती. तो हक्क वारसाने मिळे, गहाण पडे, विकला जाई. बाहेरून पाहणाऱ्याला ही गुलामीच. पण हक्कदाराच्या दृष्टीने ती त्याची एकमेव मालमत्ता होती. तिच्या जोरावर तो घरमालकाला म्हणू शकत होता की माझ्याशिवाय तुझ्याकडे दुसरा कोणी येणार नाही. सुधारकांना ती मोडायची होती, आणि मोडायलाच हवी होती. मात्र तिच्या जागी निश्चित पगार, निवृत्तिवेतन, घर सगळ्यांना मिळाले नाही. नगरपालिकांच्या कायम नोकरीत गेले ते थोडे सावरले. उरलेले ठेकेदाराच्या दारात उभे राहिले.

आज मोरी तुंबली की सीमा अशी आहे: घराच्या आवारातले चेंबर आणि नळ मालकाचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे, रस्त्याखालची वाहिनी महापालिकेची. स्वयंपाकघरातले तेल, केस, साबणाचा थर यांनी अडलेला नळ बाहेरून, कामटीने किंवा यंत्राच्या लवचिक तारेने मोकळा करता येतो. प्रश्न मैलाटाकीचा आणि खोल चेंबरचा. तेथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मरते, आणि वास गेला म्हणून धोका टळला असे समजून माणूस आत उतरतो. शोषणयंत्राची गाडी बोलावली तर इंधन, चालक, मदतनीस, मैला नेऊन टाकण्याचा खर्च असे सगळे बिलावर चढते. नाक्यावरचा माणूस उतरवला तर एका दिवसाची मजुरी. दोन दरपत्रकांत जो फरक दिसतो, तेवढा धोका त्या माणसाने अंगावर घेतलेला असतो.

१९९३ आणि २०१३ अशा दोन कायद्यांनी या कामावर बंधने घातली. २०१३ च्या कायद्यानुसार पुरेशा संरक्षणसाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैलाटाकीत उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. कामावर ठेवणारी व्यक्तीसुद्धा त्याच्या कक्षेत येते. केवळ महापालिका नव्हे. १८९० मध्ये गुन्हेगार होता तो काम सोडणारा. २०१३ मध्ये गुन्हेगार ठरला तो काम सांगणारा. सव्वाशे वर्षांत कायदा तेवढा फिरला. दरपत्रक फिरले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत एका खाजगी गृहनिर्माण संस्थेची मैलाटाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला आणि ते जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. हा दहा लाखांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१४ च्या निकालातला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तो तीस लाखांवर नेला, आणि कायमच्या अपंगत्वासाठी वीस लाख ठरवले.

गृहनिर्माण संस्थांच्या सभांत मैलाटाकीच्या सफाईचा विषय बहुधा शेवटी, चहा आल्यावर निघतो. दोन-तीन दरपत्रके वाचली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, आणि इतिवृत्तात रक्कम लिहिली जाते. उतरणार कोण, की यंत्र येणार, याची नोंद त्या ओळीत करायला जागा असते.