नमुना आठवर न लागलेली भाजी



मागच्या पावसाळ्यात शिरपूर तालुक्यातल्या एका गावात मी गटाचा अर्ज भरायला बसले होते. अर्जात एक रकाना होता, 'स्वतःची जमीन किती'. समोरच्या आजी म्हणाल्या, "काहीच नाही. लिही शून्य." मी शून्य लिहिलं. मग आजी उठल्या, घरामागे गेल्या आणि पदरात पाच-सहा गिलकी, मूठभर हिरव्या मिरच्या आणि पोकळ्याची जुडी घेऊन आल्या. "घेऊन जा, रात्रीला होईल तुला." त्या शून्य जमिनीतली भाजी मी घरी नेली, ती दोन वेळा पुरली.

तेव्हापासून डोक्यात आहे की परसबागेचा इतिहास सांगायचा तर कुठून सांगायचा? कागदात तर ती नाहीच. राज्यकर्त्यांनी नेहमी तेच मोजलं, ज्याच्यावर सारा मिळायचा. १८८० साली इंग्रज सरकारने खानदेशचं गॅझेटियर छापलं. तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे वेगळे नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश होता. त्यात कापूस, ज्वारी, बाजरीचे हिशेब आहेत, आणि ते असणारच, कारण पैसा तिथे होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण घरामागचा वाफा गावठाणात येतो. गावठाणाला शेतसारा नाही, सातबारा नाही. आजही घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर लागतं, वाफ्यातलं वांगं लागत नाही.

आणखी एक गंमत बघा. त्याच १८८० साली जळगावजवळ आसोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. आपल्या आज्या-पणज्यांना कोणतं बी कोणत्या नक्षत्राला टाकायचं हे तोंडपाठ होतं, पण ते उतरवून घ्यायला त्यांच्याजवळ कोणी बसलं नाही.

मग हा इतिहास शोधायचा कुठे? मला तो आपल्या सणांत सापडला.

ऋषिपंचमी घ्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने खणून, हाताने पेरून आलेलं खायचं. या व्रतामागे विटाळाची जी कहाणी सांगतात ती मला पटत नाही, मी ती आमच्या गटात सांगत नाही. पण जेवणाचा नियम नीट बघा. नांगर न लावता पिकणारी भाजी कोणती? परसातली. म्हणजे वर्षातला एक दिवस असा, की घरच्या जेवणात नांगराचं काही नाही, सगळं बाईच्या खुरप्याचं. आणि तो दिवस भाद्रपदातला, मृगात लावलेले वेल नुकते भरभरून द्यायला लागतात तेव्हाचा. हा नियम ज्यांनी घातला त्यांना परसबागेचं वेळापत्रक माहीत होतं.

आता आपली कानबाई. श्रावणात रोट होतात, नैवेद्याला गंगाफळाची भाजी लागतेच. हे गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, मुळात अमेरिकेतला. मिरचीही तिकडचीच, टमाटा आणि बटाटाही. पोर्तुगीज जहाजांतून साधारण पाचशे वर्षांपूर्वीपासून ही झाडं पश्चिम किनाऱ्यावर उतरत गेली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी आणि पिंपळी होती, मिरीवरूनच मिरचीचं नाव पडलं. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतल्या. वांगं मात्र इथलंच, गिलकंही इथलंच. किनाऱ्यावर उतरलेलं बी घाट चढून तापीकाठी कसं आलं असेल? काही व्यापाऱ्यांच्या गोणीतून आलं असेल, पण गावातून गावात ते गेलं माहेरवाशिणीच्या पदरातून, असं मला वाटतं. आजही तसंच जातं. गिलक्याचं बी ज्यांच्याकडून मिळालं त्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या सासूचं, आणि सासूने तिच्या माहेराहून आणलेलं. परदेशी भोपळा देवीच्या ताटात जाऊन बसला तो असा, दाराच्या मागून.

बी राखायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तरी तरुण पोरींसाठी सांगते. पहिलं-दुसरं निरोगी फळ तोडायचं नाही, खूण म्हणून चिंधी बांधायची, वेलावरच वाळू द्यायचं. बी सावलीत सुकवायचं, राखेत घोळायचं आणि कोरड्या दुधीच्या तुंब्यात किंवा मडक्यात ठेवायचं. जळगावचं भरिताचं वांगं याच निवडीतून टिकलं. यावल तालुक्यातल्या बामणोदकडची ती हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी शेतकरी घरांनी पिढ्यान्पिढ्या चांगलं फळ बियाला ठेवून सांभाळली. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे एक वांगं कागदावर चढलं. बाकीच्या कितीतरी जाती तशाच गेल्या.

गेल्या कशा? दोन गोष्टींनी. पहिली दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळात बाया रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेल्या, तिथे मुलांना सुकडी मिळायची. प्यायलाच पाणी नाही तिथे वाफ्याला कुठून आणायचं? आणि भाजीचं बी दोन-तीन वर्षं मातीत पडलं नाही की त्याची उगवण बसते. पाऊस परत आला, पण तुंब्यातलं बी मेलेलं होतं.

दुसरी गोष्ट, बाजारातलं पाकीट. १९६४ साली जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. त्यांची सुरुवात पुसा सावनी नावाच्या भेंडीच्या बियाण्यापासून झाली, आणि ती चांगलीच भेंडी होती. पुढे संकरित बियाणं गावोगाव आलं. त्याला मी नावं ठेवत नाही, उत्पन्न वाढलं हे खरं आहे. पण संकरित फळाचं बी पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ येत नाही. मग चिंधी बांधायचं कारणच उरलं नाही. सासूने सुनेला बी द्यायचं थांबलं. वाफा बाईचा, बी मात्र दुकानातलं, आणि दुकानात जाणार घरातला पुरुष.

पाण्याचं सांगते, कारण आपल्या तालुक्याचं नाव पाण्यामुळेच झालं. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत विहिरी खोल खोल जात होत्या. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल केले, बंधारे बांधले, विहिरींचं पुनर्भरण केलं. त्यालाच 'शिरपूर पॅटर्न' म्हणतात, आणि तो बघायला लांबून लोक येतात. विहिरींना पाणी आलं. ते गेलं कापसाला, केळीला, उसाला. परसबाग मात्र तेव्हाही मोरीच्या पाण्यावर होती आणि आजही आहे. मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावायची जुनी रीत शहाणपणाची आहे, साबणाचं पाणी आधी त्यांनी प्यायचं. पालेभाजीवर ते थेट सोडू नका.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा सगळ्यांना परसबाग आठवली. त्याच सुमारास अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झालेली होती. न शिकलेली आदिवासी बाई, घरात देशी बियांची बँक करणारी. उमेदने गटांना पोषण परसबागेची मोहीम दिली आणि आम्हीही कंबर कसली.

पहिल्या हंगामात काय झालं ते खरं सांगते. मिळालेल्या पाकिटांतली मेथी उगवलीच नाही. जी रोपं वर आली ती शेळ्यांनी खाल्ली. भेंडीवर पांढरी माशी आली आणि पानं पिवळी पडली, म्हणजे केवडा. एकदा केवडा झालेलं झाड बरं होत नाही, ते उपटूनच टाकावं लागतं, हे आम्हाला उशिरा कळलं. सर्वात मोठा अडथळा तर वेगळाच निघाला, जागाच नाही. परसात फरशी बसली, संडास झाला, मोटरसायकल उभी राहिली. एका ताईने वेल लावायला कोपऱ्यातली फरशी उखडली तर घरात आठ दिवस बोलणं बंद होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. काटेरी फांद्यांचं कुंपण आधी, बी नंतर. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडा साबण घालून फवारायची. मावा आणि पांढरी माशी आटोक्यात राहिली. गिलकी, दोडकी, पोकळा, चवळी चांगली आली. टमाटा पुन्हा गेला. वांग्याचे शेंडे अळीने पोखरले, ते रोज खुडून जाळणाऱ्या दोघींनाच वांगी मिळाली. फरशी उखडणाऱ्या ताईच्या वेलाने दिवाळीपर्यंत दिलं. नवरा आता स्वतः गिलकी तोडून आणतो, फरशीचं मात्र नाव काढत नाही.

यंदा आम्ही एक वही केली आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क आहे, तो वापरायचा तर आपल्याकडे काय आहे हे आधी कळायला हवं. वहीत बियाचं नाव, कोणाच्या घरचं, तिला कोणी दिलं, तिच्याआधी कोणी दिलं, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना बहुतेक जणींचा रिकामा राहतो. मग आम्ही घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाला विचारतो. पहिलं पान त्या शून्य जमिनीच्या आजींचं आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने चिमूटभर बी कागदाच्या पुडीत आणायचं आहे, आणि पुडीवर ज्या बाईकडून ते मिळालं तिचं नाव लिहायचं आहे.